सर्वांत ऐटदार गाडी कोणती?

खिल्लारी बैलांच्या बाजारांत दोन जाणते शेतकरी समोरासमोर आले म्हणजे त्यांचें बोलणें कोणीकडे वळणार हें सांगण्यास ज्योतिषी लागत नाहीं. एक म्हणतो, शिंगांची ठेवण पाहावी. दुसरा म्हणतो, शिंगें काय चाटावयाचीं आहेत, खूर पाहा. आणि तिसरा, ज्याच्या मिशा पिकल्या आहेत, तो म्हणतो, औताला जुंपून दाखवा, मग बोला. बैल एकच, पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत तो तीन प्रकारचा. मोटारींच्या शौकिनांचेंही असेंच आहे. त्यांच्या बैठकींत एखाद्या कारखान्याचें नांव निघावें आणि 'त्यांची सर्वांत ऐटदार गाडी कोणती?' एवढाच प्रश्न कोणीं टाकावा, कीं पुढ्यांतला चहा निवून जातो, पण वाद निवत नाहीं.

असाच एक वाद जपानांतील माझदा या मोटारीच्या कारखान्याविषयीं आहे. जपान, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांतील शौकीन तो वर्षानुवर्षें घालीत आले आहेत, आणि अद्याप एकानें दुसऱ्याचें ऐकून घेतलेलें नाहीं. मोटार म्हणजे घरून कचेरीस आणि कचेरींतून घरीं नेणारें वाहन, एवढेंच ज्यांस वाटतें, त्यांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. परंतु वाद कान देऊन ऐकला, तर त्याच्या पोटांत एक खरा प्रश्न सांपडतो. माणसानें केलेल्या यंत्राची थोरवी कशावरून ठरवावी? करणाऱ्याच्या जिद्दीवरून, रूपावरून, शर्यतींतील यशावरून, कीं वापरणाऱ्याच्या समाधानावरून? माझदाच्या गाड्या या प्रश्नाला फार चांगलें उदाहरण आहेत. कारण हा कारखाना जपानांतील बड्या कारखान्यांपुढें लहान, आणि त्याचें गांव हिरोशिमा.

माझदा हें नांव मुंबईकरांस अगदींच परकें वाटूं नये. आपले पारशी बांधव ज्या परमेश्वराची उपासना करितात तो अहुर मज्द, म्हणजे ज्ञानरूप प्रभु. अवेस्ता भाषेंतील 'मज्दा' आणि संस्कृतांतील 'मेधा' हे शब्द एकाच कुळांतले, असें भाषापंडित सांगतात. या जपानी कारखान्याच्या धुरीणाचें आडनांव मात्सुदा. त्या आडनांवाशीं उच्चारानें जुळणारें आणि ज्ञानाच्या देवतेचें, असें हें नांव त्यांनीं आपल्या वाहनांना दिलें. अशा रीतीनें इराणांतील एका प्राचीन देवतेचें नांव हिरोशिमाच्या रस्त्यावरून चाकांवर बसून फिरूं लागलें.

या कारखान्याचा आरंभ मोटारींनीं झाला नाहीं. १९२० सालीं हिरोशिमा येथें बुचाचा माल तयार करण्यासाठीं एक कंपनी निघाली, आणि दुसऱ्याच वर्षीं जुजिरो मात्सुदा यांनीं तिचीं सूत्रें हातीं घेतलीं. कोळ्याच्या घरांत जन्मलेला आणि लहानपणीं लोहाराच्या हाताखालीं काम शिकलेला हा गृहस्थ. त्यांनीं कंपनीला बुचाकडून यंत्रकामाकडे वळविलें, आणि १९३१ मध्यें कारखान्याचें पहिलें वाहन बाहेर पडलें. तें मालाची ने-आण करणारें तीनचाकी होतें: पुढें मोटारसायकलीसारखें एक चाक आणि मूठ, मागें दोन चाकांवर माल ठेवण्याची पेटी. आपल्याकडे बाजारपेठांतून भाजीच्या टोपल्या वाहणाऱ्या तीनचाकी टेंपो ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना तिचें स्वरूप सहज ध्यानांत येईल.

६ ऑगस्ट १९४५ रोजीं मात्सुदा यांच्या वयाचीं सत्तर वर्षें पुरीं झालीं. त्याच सकाळीं सव्वाआठ वाजतां हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना शहराच्या मध्यापासून सुमारें पांच किलोमीटरांवर, आणि मधें हिजियामा नांवाची टेकडी. त्यामुळें त्याच्या इमारती बऱ्याचशा उभ्या राहिल्या. जखमी माणसें तिकडे आश्रयास गेलीं. हिरोशिमा प्रांताच्या सरकारी कचेरीची इमारतच शिल्लक राहिली नव्हती. तेव्हां प्रांताचा कारभार पुढें कांहीं महिने या कारखान्याच्या इमारतींतून चालला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तीनचाकी गाड्या तेथें पुन्हां तयार होऊं लागल्या. शौकिनांच्या वादांत या गाडीचें नांव क्वचित् निघतें. तरी श्रोत्यांनीं ती ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे परत यावयाचें आहे.

वादांतला पहिला पक्ष कॉस्मो स्पोर्ट या गाडीचा. ही गाडी १९६७ च्या मे महिन्यांत विक्रीस आली. उंचीला चार फुटांहूनही कमी, लांबट, जमिनीलगत सरपटल्यासारखी दिसणारी. मागचे दिवे बंपरच्या आडव्या पट्टीनें वर-खालीं दुभागलेले. माणूस अवकाशांत जाऊन आल्याचे ते दिवस. नांवांत आणि रूपांत त्या दिवसांची छाया उघड दिसते. परंतु तिच्या भक्तांस तिचें रूप हें दुय्यम वाटतें. त्यांचें म्हणणें असें कीं, ऐट ही वरून लावावयाची वस्तु नाहीं. ती आंतून यावी लागते. आणि कॉस्मोच्या आंत जें होतें, तें त्या काळच्या जपानांत दुसऱ्या कोणत्याही विकाऊ गाडींत नव्हतें.

नेहमीच्या मोटारींत नळकांड्याच्या आंत दट्ट्या वर-खालीं होतो, आणि त्या वर-खालीं होण्याचें चाकांसाठीं फिरण्यांत रूपांतर करावें लागतें. हातपंपाचा दांडा खालवर करून त्याच्या जोरावर जातें फिरवावें, असा तो प्रकार आहे. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या एंजिनांत मुळापासून सारें फिरतेंच. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्यें किंचित् चिमटलेली एक पोकळ कोठडी असते, आणि तिच्यांत तिन्ही बाजूंनीं फुगीर असा एक त्रिकोण फिरत राहतो. त्रिकोणाचीं तिन्ही टोकें कोठडीच्या भिंतीला सतत घासून जातात. त्यामुळें ज्या तीन पोकळ्या तयार होतात, त्यांत पेट्रोल-वायूचें मिश्रण आंत येणें, दाबलें जाणें, पेटणें आणि जळका वायु बाहेर पडणें, हीं चारही कामें एकामागून एक उरकतात. खालवर आदळणारा भागच नाहीं. म्हणून एंजिन लहान, हलकें, आणि चालतांना त्याची थरथर थोडी. कल्पना इतकी सोपी कीं, ती आधीं कोणास सुचली कशी नाहीं असें वाटावें.

पण कागदावरचा लाडू आणि ताटांतला लाडू यांत अंतर असतें. माझदाच्या कारखान्यानें १९६१ मध्यें एन-एस-यू या जर्मन कंपनीशीं करार करून हें एंजिन तयार करण्याची परवानगी मिळविली, तेव्हां त्यामागें हौसेपेक्षां धास्ती अधिक होती. जपानी सरकारच्या उद्योगखात्याच्या मनांत मोटारींचे कारखाने थोड्या मोठ्या गटांत एकत्र करावे असें होतें. आपल्यापाशीं कोणापाशीं नाहीं असें कांहीं नसेल, तर आपला कारखाना दुसऱ्याच्या पोटांत जाईल, ही भीति जुजिरो यांचे पुत्र आणि त्या वेळचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना होती. प्रयोगासाठीं तयार केलेलीं एंजिनें कांहीं काळ चालत, आणि मग बिघडत. टोकांवर बसविलेल्या पट्ट्या कोठडीच्या भिंतीवर थरथरत आणि तिच्या गुळगुळीत अंगावर ओरखडे पाडीत. कारखान्यांतील लोक त्यांस सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत.

या सैतानाशीं झुंजण्याचें काम केनिची यामामोतो नांवाच्या अभियंत्यावर सोंपविण्यांत आलें. त्यांच्या हाताखालच्या मंडळींसह ते एकंदर सत्तेचाळीस जण. जपानांत अठराव्या शतकाच्या आरंभीं आपल्या धन्यासाठीं प्राणांवर उदार झालेल्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा घरोघर ठाऊक आहे. तेव्हां या अभियंत्यांनाही तेंच नांव पडलें. पट्ट्यांसाठीं नाना पदार्थ वापरून पाहण्यांत आले. शेवटीं कर्बांत ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी टिकली, आणि कॉस्मोचा मार्ग मोकळा झाला. पुढच्या वर्षीं, १९६८ मध्यें, जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें ८४ तास अखंड चालणाऱ्या शर्यतींत दोन कॉस्मो उतरल्या. एक शेवटच्या टप्प्यांत बंद पडली. दुसरी चौथी आली. एंजिन टिकत नाहीं म्हणणाऱ्यांस याहून सरळ उत्तर देतां आलें नसतें.

येथें वादांत एक चूक नेहमीं होते, ती दुरुस्त केली पाहिजे. चक्री एंजिनाची जगांतील पहिली विकाऊ गाडी कॉस्मो, असें तिचे भक्त बेधडक सांगतात. तें खरें नाहीं. एन-एस-यू कंपनीनें अशी एक लहान गाडी १९६४ मध्येंच विकण्यास आरंभ केला होता. कॉस्मोचा मान असा कीं, दोन त्रिकोणांचें एंजिन बसविलेली ती पहिली विकाऊ गाडी. खरा मान पुरेसा मोठा असतां खोट्याची भर कशाला? प्रतिपक्षाचा आक्षेप मात्र वेगळा आहे. तो म्हणतो, १९७२ पर्यंत कॉस्मो तयार झाल्या त्या सगळ्या मिळून बाराशेंहूनही कमी. ज्या गाडींत बसावयास सारें जग मिळून इतकींच कुटुंबें भाग्यवान् ठरलीं, ती गाडी दागिना म्हणावी कीं वाहन?

दुसरा पक्ष आर-एक्स-७ या गाडीचा; आणि तिची ऐट समजण्यास मधला वनवास ठाऊक पाहिजे. चक्री एंजिनाला एक खोड होती: तें पेट्रोल फार पिई. पेट्रोल स्वस्त होतें तोंवर कोणीं हिशेब विचारला नाहीं. १९७३ मध्यें तेलाचे भाव भडकले, आणि अमेरिकेंतील गिऱ्हाइकानें पाठ फिरविली. गोदामांत गाड्या सांचल्या. कारखाना बुडतो कीं काय अशी वेळ आली. सुमितोमो बँकेनें पुढें होऊन त्याला सांवरलें. यंत्रांवर काम करणारे हजारों कामगार मोटारी विकण्यासाठीं विक्रेत्यांच्या दुकानांत पाठविण्यांत आले. ज्या हातांनीं काल नट-बोल्ट आवळले, त्याच हातांना आज गिऱ्हाइकाच्या दारीं जोडून उभें राहावें लागलें. पोटासाठीं हें केलें खरें. पण आपल्या वस्तूविषयीं गिऱ्हाईक काय बोलतो तें कारखान्याच्या कानांवर इतक्या जवळून पूर्वीं पडलें नसावें.

अशा वेळीं शहाणा हिशेबनीस एकच सल्ला देईल: हें एंजिन सोडा. जनरल मोटर्स, मर्सिडीज-बेंझ यांसारख्या धनाढ्य कंपन्यांनीं प्रयोग करून तें सोडलेंच. हिरोशिमाच्या मंडळींनीं मात्र त्याची तहान शेंकडा ४० नें कमी करण्याचा संकल्प सोडला, आणि राखेंतून उठणाऱ्या फीनिक्स पक्ष्याचें नांव त्या कामाला दिलें. या खटपटीचें फळ १९७८ मध्यें आलेली आर-एक्स-७. पाचरीसारखें निमुळतें नाक, दिवसां मिटलेले आणि रात्रीं उघडणारे दिवे, आणि मध्यमवर्गीय अमेरिकन माणसाला झेपेल अशी किंमत. तिच्या तीन पिढ्या झाल्या. तिसरी १९९१ मध्यें आली, आणि तिच्या अंगाचें वळण इतकें सुरेख आहे कीं अनेक शौकीन तिला जपानांत तयार झालेल्या मोटारींतील सर्वांत देखणी मानतात. २००२ मध्यें ती बंद झाली, तोंवर तिन्ही पिढ्यांच्या मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

या पक्षाचें म्हणणें सरळ आहे. कॉस्मोनें हें एंजिन करतां येतें एवढें दाखविलें. तें लोकांच्या हातीं दिलें आर-एक्स-७ नें. पण घरच्या भेद्यासारखा एक आक्षेप याच पक्षांतून निघतो. तिसऱ्या पिढीच्या गाडीची निगा राखणें हें नाजूक प्रकृतीच्या पाहुण्याचें पथ्य सांभाळण्यासारखें आहे. एंजिन तापलें कीं धोका. टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या कीं सारें एंजिन खोलावें लागतें. तिच्यावर प्रेम करणाऱ्यास पदरीं पैसा तरी हवा, नाहीं तर स्वतःच्या हातांत कसब तरी हवें.

तिसरा पक्ष हे दोन्ही आक्षेप ऐकून हंसतो, आणि एकच शब्द उच्चारतो: ल मां. फ्रान्समधील या गांवीं चोवीस तासांची मोटारशर्यत होते. मोटारींच्या जगांत तिचा मान पंढरीच्या वारीसारखा. माझदाची मंडळी १९७० नंतरच्या दशकापासून तेथें जाऊन हात हालवीत परत येत होती. २२ आणि २३ जून १९९१ च्या शर्यतींत नारिंगी आणि हिरव्या रंगाची, ५५ क्रमांकाची '७८७ बी' ही त्यांची गाडी उतरली. तिच्या एंजिनांत चार त्रिकोण, आणि आवाज असा किंकाळीसारखा कीं ज्यांनीं तो ऐकला ते त्याचें वर्णन करतांना आजही हातवारे करितात. फोल्कर वायडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो हे तिघे आळीपाळीनें चालक. बराच काळ मर्सिडीजची गाडी पुढें होती. शेवटचे थोडे तास उरले असतां तिचें एंजिन तापलें, आणि नारिंगी-हिरवी गाडी पुढें गेली. ३६२ फेऱ्या पुऱ्या करून ती पहिली आली. शेवटीं गाडी हांकणारा हर्बर्ट थकव्यानें आणि तहानेनें इतका गळून गेला होता कीं बक्षीस घेण्यास मंचावर त्याला चढतां आलें नाहीं.

ल मां येथें जपानी गाडीचा हा पहिला विजय. दुसऱ्या जपानी कंपनीला तो मिळण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. या विजयाभोंवतीं एक कथा रचली गेली आहे: चक्री एंजिन जिंकलें म्हणून युरोपीय मंडळींनीं चिडून त्यावर बंदी घातली. ऐकण्यास ती गोड आहे, पण बरोबर नाहीं. पुढील वर्षीं त्या एंजिनाला नियमांत जागा उरली नाहीं हें खरें. मात्र ते नियम विजयापूर्वींच ठरलेले होते. अर्थात् ती शेवटची संधि होती, आणि शेवटच्या संधीला तें एंजिन जिंकलें. ही गोष्ट कपोलकल्पित कारस्थानाहून अधिक चटका लावणारी आहे. तथापि प्रतिपक्ष विचारतो, या गाडींत कोणी कधीं बाजारहाट केली आहे काय? ती शर्यतीसाठींच जन्मली. तिला ऐटदार म्हणणें म्हणजे दसऱ्याच्या हत्तीला घरच्या गोठ्यांतील उत्तम जनावर म्हणणें.

आतां चौथा पक्ष. तो संख्येनें मोठा, पण बैठकींत त्याचीच टिंगल अधिक होते. त्याची गाडी रोडस्टर. परदेशीं तिला एम-एक्स-५ म्हणतात, आणि अमेरिकेंत मियाटा. लहान, दोनच माणसांची, वरचें कापडी छत मागें टाकतां येणारी. तिच्यांत चक्री एंजिन नाहीं. चारचौघींसारखें दट्ट्यांचें एंजिन आहे, आणि तेंही बेताचें. पहिल्या गाडींत तें १६०० घनसेंटीमीटरांचें होतें. वजन मात्र हजार किलोच्या आंतच ठेवलें. इंग्लंड-अमेरिकेंतील पुष्कळ लोक तिला केशभूषा करणाऱ्यांची गाडी म्हणून हिणवितात. मर्दानी माणसानें असल्या खेळण्यांत काय बसावें, असा त्यांचा रोख.

या गाडीचा उगम पाहण्यासारखा आहे. १९७९ मध्यें बॉब हॉल नांवाचा अमेरिकन मोटारलेखक हिरोशिमास गेला होता. तेथें त्याची आणि संशोधनखात्याच्या प्रमुखांची भेट झाली, आणि तुम्हांला आम्हीं कोणती गाडी करावी असें वाटतें, असें त्यांनीं त्याला विचारलें. हॉलनें जुन्या इंग्रजी पद्धतीची साधी, हलकी, उघडी गाडी मागितली. अशा गाड्या इंग्लंडांत एके काळीं मुबलक होत. त्या चालविण्यास मौजेच्या, पण पावसांत गळणाऱ्या आणि वाटेंत बंद पडणाऱ्या. आणि त्या काळीं एकेक करून त्या बंद पडत चालल्या होत्या. हा प्रश्न विचारणारे प्रमुख म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून केनिची यामामोतो. ज्यांनीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें चक्री एंजिनाच्या पायीं खर्चिलीं, तेच.

पुढें १९८४ मध्यें यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दींत या गाडीचें काम पक्कें झालें. तोशिहिको हिराई या अभियंत्यानें तें तडीस नेलें. घोडा आणि स्वार एकजीव व्हावे, अशा अर्थाचा एक जुना जपानी शब्दप्रयोग आहे. हिराई यांनीं तोच आपल्या कामाचा मंत्र ठरविला. पानिपताच्या आणि पवनखिंडीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं. चक्र किंचित् वळविलें कीं गाडीनें तितकेंच वळावें, गियरची दांडी मनगटाच्या लहानशा झटक्यासरशी जागेवर बसावी, आणि रस्ता कसा आहे तें चालकाच्या बोटांना कळावें, एवढ्यासाठीं सारी मेहनत. फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. २०१६ च्या एप्रिलांत या जातीची दहा लाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. दोन माणसांच्या क्रीडामोटारींत इतका खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाहीं. आणि २०१७ मध्यें कंपनीनें पहिल्या पिढीच्या जुन्या रोडस्टर डागडुजी करून नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. विकलेल्या वस्तूशीं विकणाऱ्याचा संबंध अठ्ठावीस वर्षांनंतरही उरावा, ही आजच्या व्यापारांत सामान्य गोष्ट नव्हे.

चारही पक्ष असे ऐकून घेतले म्हणजे निवाडा कसा करावा? प्रथम एक गोष्ट स्पष्ट दिसते. कॉस्मो, आर-एक्स-७ आणि शर्यतीची गाडी या तिघींच्या मुळाशीं कारखान्याचाच एक प्रश्न होता: आपण टिकूं काय? आपल्याला हें साधेल काय? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं अशा शर्थीनें दिलें कीं ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा. ज्या शहराची राख झालेली जगानें पाहिली, त्या शहरांतल्या माणसांनीं धनाढ्यांनीं टाकून दिलेलें एंजिन पायांवर उभें केलें. त्यांत त्या शहराचा स्वाभिमान होता. जो शौकीन कॉस्मोचें नांव घेतांना गहिंवरतो, त्याला कोणीं हंसूं नये.

रोडस्टरच्या मुळाशीं मात्र प्रश्न दुसऱ्याचा होता: गाडी हांकणाऱ्याला काय हवें आहे? आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं यामामोतोंना आपलें आवडतें एंजिन बाजूला ठेवावें लागलें. ज्या बुद्धिमान् माणसानें एखादा शोध रक्ताचें पाणी करून सिद्ध केला, त्याला सगळीकडे तोच वापरावासा वाटणें स्वाभाविक आहे. हातीं हातोडा घेऊन वाढलेल्यास जिकडे तिकडे खिळेच दिसावयाचे. यामामोतोंना तसें दिसलें नाहीं. साध्या, स्वस्त आणि टिकाऊ एंजिनानें काम भागतें ना, मग तेंच असूं द्या, असें म्हणण्यास जो संयम लागतो, तो सैतानाच्या नखांशीं झुंजण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचा नव्हे. जिद्द कोठें धरावी हें ज्यांना कळतें ते पुष्कळ. ती कोठें सोडावी हें कळणारे थोडे.

म्हणून ऐटीचा मान रोडस्टरला द्यावा लागतो. तिची थट्टा करणाऱ्यांनीं ऐट आणि दरारा यांत गल्लत केली आहे. दरारा दुसऱ्यांना पाहून वाटावयाचा असतो. ऐट ज्याची त्याला आंतून येते. शाळामास्तर, परिचारिका, पोस्टांतला कारकून, अशा बेताच्या मिळकतीच्या माणसानें जुनी रोडस्टर घ्यावी, रविवारीं सकाळीं छत मागें टाकावें, आणि डोंगरावरच्या वळणावळणाच्या रस्त्यानें तासभर फिरून यावें. त्या तासांत तो कोणा राजापेक्षां उणा नसतो. कोणासही मागें टाकण्याची त्याला गरज वाटत नाहीं.

पण एवढ्यानें वाद मिटवावयाचा नाहीं. कारण पांचवी गाडी अद्याप दारांत उभी आहे. १९४५ च्या डिसेंबरांत हिरोशिमाच्या त्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या तीनचाकीला कोणी ऐटदार म्हणणार नाहीं. तिला छत नाहीं, रूप नाहीं, वेग नाहीं. परंतु ज्या शहरांत लांकूड, धान्य, कौलें, औषधें, सारें कोठून तरी वाहून आणावयाचें होतें, त्या शहराला त्या घटकेस जें पाहिजे होतें तेंच तिनें दिलें. तिच्यांत आणि रोडस्टरमध्यें सुमारें चव्वेचाळीस वर्षांचें अंतर आणि जमीन-अस्मानाचा फरक. तरी दोघी एका कुळांतल्या आहेत. दोघींनींही आधीं विचारलें, तुम्हांला काय हवें. आणि मग कामास लागल्या.

चक्री एंजिनाची कथा तरी संपली असें कोणीं समजूं नये. आर-एक्स-८ ही त्या एंजिनाची गाडी २०१२ मध्यें बंद झाल्यावर पुष्कळांनीं त्याचें श्राद्ध घातलें होतें. २०२३ मध्यें तें परत आलें, पण आपला रुबाब खालीं ठेवून: विजेवर चालणाऱ्या एका गाडींत, चाकें न फिरवितां, केवळ वीज तयार करून देण्याच्या कामावर. एके काळच्या सरदारानें म्हातारपणीं घरच्या विहिरीवर मोट हांकावी, तसें हें. जुन्या भक्तांस त्याचें वाईट वाटलें. परंतु लहान, हलकें आणि थरथर कमी, हे त्याचे गुण या कामाला नेमके उपयोगी पडतात.

आणि बाजारांतला तो पिकल्या मिशांचा शेतकरी? शिंगांची आणि खुरांची चर्चा त्यानें मुकाट्यानें ऐकून घेतली. शिंगें सुंदर असूं नयेत असें त्याचें म्हणणें मुळींच नव्हतें. उद्यां पहाटे शेतावर जावयाचें आहे, एवढेंच तो विसरला नव्हता.